एकशे बारा नंबरचं माप

एक गोष्ट आधी कबूल करा. माझं सांगून होईपर्यंत कोणी हसायचं नाही. आमच्या ह्यांनी हा किस्सा कितीदा ऐकला असेल, तरी ऐन मोक्याच्या जागी त्यांचा चहा बशीतून लुंगीवर जातो, आणि ती लुंगी धुवावी लागते मला.

तर माझ्या हुशारीमुळे एकदा ऐन खंडेनवमीच्या सकाळी अर्ध्या कारखान्याच्या अंगावर दुसऱ्याचे कपडे चढले होते. अर्ध्याच म्हणते, उगाच वाढवून सांगत नाही. पण सगळे दांडगे लोक नेमके त्याच अर्ध्यात होते, हे माझं नशीब.

साल विचारू नका, लगेच माझं वय मोजायला बसाल. एवढंच सांगते, की तेव्हा ज्याच्या घरी रंगीत टीव्ही त्याच्या ओसरीवर मोहल्ला बसायचा, आणि कॉम्प्युटर म्हणजे काय हे समजावून सांगायला मला दोन्ही हात हवेत फिरवावे लागायचे. मी त्याचा कोर्स केला होता. बाबा कळमेश्वरला लोखंडी कपाटांच्या कारखान्यात फिटर होते. तिथल्या देशपांडेसाहेबांनी मुंबईहून एक कॉम्प्युटर चालवून पाहायला म्हणून आणला, आणि मग लक्षात आलं की तो चालवायला माणूसच नाही. बाबा पाना हातात घेऊनच साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि म्हणाले, "माही पोरगी चालवते जी."

लागले मी. पण टेम्पररी. साहेबांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं, "सुमन, दसऱ्यापर्यंत बघू. एक तरी काम नीट करून दाखव. झालं, तर तूही राहशील आणि हे यंत्रही राहील. नाही झालं, तर दोघांनाही परत पाठवायचं." म्हणजे त्याला मुंबईला आणि मला घरी. घरी गेले की काय होणार हे मला ठाऊक होतं. आमच्या मावशी स्थळांची यादी घेऊन टपून बसल्या होत्या.

आता कारखान्याची एक रीत सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. तिथं प्रत्येकाला पितळेचा बिल्ला असायचा आणि बिल्ल्यावर नंबर. सगळं काही नंबराने. गेटवर नंबराने, पगाराला नंबराने, चहालासुद्धा नंबराने. आपला नंबर येण्याआधी कोणी कपाला हात घातला, तर लोक त्याच्याकडे असे पाहायचे की बिचाऱ्याला चहा कडू लागायचा. कोणी रिटायर झालं की त्याचा बिल्ला घासूनपुसून पुढच्या नव्या माणसाला द्यायचे. मलाही असाच एक मिळाला, कोण्या देवाजीबुवांचा. इतका जड, की तो खांद्यावर टोचला म्हणजे पदर दिवसभर जागचा हलायचा नाही. मला त्याचा तेवढाच उपयोग. मी कशाला रांगेत उभी राहते? माझा चहा साहेबांच्या ट्रेमधून यायचा. कॉम्प्युटरवाली होते ना मी, एसीच्या खोलीत बसणारी.

कामगारांना दरवर्षी खंडेनवमीला खाकी ड्रेस मिळायचा. गांधीबागेच्या बाजारातून तयार यायचा, मापं दोनच, लहान आणि मोठं. ज्याला लहान होईल त्यानं श्वास कमी घ्यायचा, ज्याला मोठं होईल त्यानं सुतळी बांधायची. प्रेस मशीनवरचे पुंडलिकभाऊ तर आम्ही बनवायचो त्या कपाटाच्याच मापाचे. त्यांना ‘मोठं’सुद्धा कोपरापर्यंतच यायचं. त्या वर्षी साहेब सगळ्या कामगारांसमोर म्हणाले, ज्याच्या त्याच्या मापाने शिवू. सुमन, हे तुझं काम.

युनियनचे नामदेवभाऊ लगेच उभे राहिले. त्यांना त्या मशीनचा भारी राग. "आज हे मशीन आपल्याले कपडे घालून राहिलं. उद्या म्हणंन, तुमचीच गरज नाई."

बाबा स्टुलावर चढले. बाबा कधी कशावर चढून बोललेले मी पाहिलं नव्हतं. म्हणाले, "मशीनमागं माही पोरगी बसली आहे. बिनधास्त माप द्या. काही चुकलं तं तिले नका बोलू, मले बोला."

आता असं कोणी बोलून ठेवल्यावर पोरीनं काय करावं? जपून काम करावं. मी काय केलं ते सांगते.

मापं घ्यायला गांधीबागेतून युसूफमास्तर आले. गळ्यात टेप, कानावर पेन्सिल. कामगार नंबराने रांगेत, मास्तर एकेकाची छाती, कंबर, उंची मोजून ओरडायचे आणि मी टेबलाशी बसून लिहायची. एकही माणूस चुकला नाही. एक जण तापाने फणफणलेला होता, तोही घोंगडं पांघरून येऊन माप देऊन गेला. मास्तर टेप गुंडाळून निघताना म्हणाले, "सब हो गये ना, बाई?" मी रुबाबात म्हटलं, "सगळे."

मग मी खोलीत जाऊन बसले. माझ्याकडे दोन फाइली. पहिली मोठी, ती मीच आधी बनवून ठेवली होती. कारखान्यातल्या प्रत्येकाचा नंबर, नाव, आणि मापासाठी कोरी जागा. शेवटचा ड्रायव्हर, चौकीदार कोणी सोडलं नव्हतं. दुसरी लहान, तिच्यात नंबर आणि युसूफमास्तरांचं माप. काम एवढंच, की दुसरीतलं माप उचलायचं आणि पहिलीतल्या त्याच माणसापुढं टाकायचं. कोर्समध्ये शिकवलं होतं, की दरवेळी नंबर पाहायचा. ह्या फाइलीतला नंबर घ्यायचा, त्या फाइलीत तोच शोधायचा, सापडला की मगच माप टाकायचं.

पण ते मशीन म्हणजे काय सांगू, एकेका नंबराला इतकं घुरघुरायचं की वाटावं, पायी जाऊन शोधून राहिलं. मी म्हटलं, कशाला एवढा त्रास? दोन्हीकडे तीच माणसं, त्याच क्रमाने. आमचा कारखाना आहे हा, इथं चहासुद्धा क्रमाने पितात. पहिल्याला पहिलं माप, दुसऱ्याला दुसरं, असं टाकत जायचं. नंबर कायले पाहायचा? (हे बघा, स्वतःवर चिडले की माझ्या तोंडात कायले-मले येते. तुम्ही सांभाळून घ्या.)

केलं तसं. झर्रकन झालं. तपासलंही हो, अगदीच बेफिकीर नव्हते. पहिली आठ-दहा माणसं पाहिली, सगळी बरोबर. बाबांचं माप पाहिलं, इंच न इंच बरोबर. मग खुशीत कागद छापला, नंबर आणि माप एवढंच, आणि युसूफमास्तरांकडे पाठवून दिला.

शिवून झाल्यावर मास्तरांचा निरोप आला, शेवटच्या नंबरापुढं मापच नाही. शेवटचे म्हणजे नवे चौकीदार तिवारीजी, फौजेतून रिटायर झालेले. मी म्हटलं, नवा माणूस आहे, राहिलं असेल, नंतर पाहू. माणसाला खड्ड्यात पडायचं असलं ना, की कोणी कंदील दाखवला तरी तो म्हणतो, बाजूला घे, डोळ्यावर येऊन राहिला.

खंडेनवमीची सकाळ उजाडली. मशीनींना झेंडूच्या माळा. माझ्या कॉम्प्युटरलाही कोणी हळदकुंकू लावून गेलं, ते पुसू की नको ह्या विचारात मी होते. अंगणात कपड्यांच्या पुड्यांचा ढीग, प्रत्येकीवर नंबर. ड्रेस घालायचे, मग पूजा, आणि पूजेला घरची मंडळी येणार, मुंबईहून कोणी मोठे साहेबही येणार.

पुकारा सुरू झाला. एक, दोन, तीन. पुडी घ्यायची, आत जाऊन बदलून यायचं. लहान नंबर जुन्या माणसांचे. ती बाहेर आली आणि एकमेकांकडे पाहतच राहिली. खांदा खांद्यावर, बाही मनगटाशी. बाबा बाहेर आले. जन्मात पहिल्यांदा त्यांच्या अंगावर त्यांच्या मापाचे कपडे होते. त्यांनी दोनदा हात वर करून पाहिले, शर्ट पँटीतून निघत नाही ना म्हणून. मला रडू आलं. मी ते एसीच्या सर्दीवर ढकललं.

"एकशे बारा," स्टोअरवाल्याने पुकारलं. कोणी आलं नाही. "एकशे बारा." तरी कोणी नाही.

मी म्हटलं, "असेल कोणी आळशी. ठेवा बाजूला, पुढचा घ्या."

पुढचा म्हणजे एकशे तेरा, पुंडलिकभाऊ. गेले आत. बराच वेळ आलेच नाहीत. मग दारातून आधी हात आला, हातात पँट.

"वं बाई, ही कोण्या लेकराची आहे?"

"भाऊ, तुमच्याच मापाची आहे. कॉम्प्युटर चुकत नाही. तुमचंच वजन वाढलं असेल."

"एवढ्यात? मी काय गाभण म्हैस आहे का वं?"

तोवर त्यांच्या मागून एकशे चौदा नंबरचा वसंता आला. वसंता इतका बारीक, की कपाटाच्या मागून रंग मारायला त्यालाच पाठवायचे. त्यानं दोन्ही हातांनी पँट धरली होती. म्हणाला, "सुमनताई, माह्यासंगं अजून एक जण मावते हिच्यात." त्याच्यामागं एक जण, त्याच्या बाह्या बोटांच्या खाली लोंबत होत्या. त्याच्यामागच्याचा शर्ट बेंबीच्या वरच संपत होता. मग काय, जो येईल तो नवीनच रूप घेऊन येऊन राहिला. आणि मी प्रत्येकाला तेच सांगून राहिले, कॉम्प्युटर चुकत नाही. शेवटी तिवारीजी आले रिकाम्या हातांनी. "बिटिया, मेरा?" मी म्हटलं, "नंतर पाहू, तिवारीजी."

नामदेवभाऊंचा नंबर दीडशेच्या पुढचा. त्यांच्या शर्टाची बटणं लागत नव्हती आणि पँट मात्र ढगळ. ते शांतपणे आले, तेच वाईट. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"जुन्या लोकायचे बरोबर, नव्यायचेच बिघडले. तुह्या बापाचा तं असा बसला, जसा नवरदेवाचा. त्याच्या दोस्तायचे बरोबर. अन् म्हणतेस मशीन चुकत नाई. मशीन नाई चुकलं तं मंग कोणी चुकवलं, सांग."

 हिशोब तर बरोबरच दिसत होता. बाबांच्या बरोबरीचे सगळे टापटीप, आणि नंतर लागलेले सगळे सोंगं. मी तरी काय म्हटलं असतं त्यांच्या जागी?

बाबांनी ऐकलं. ते आत गेले आणि परत आले तेव्हा अंगावर जुना ड्रेस होता, गुडघ्याला ठिगळ लावलेला. नवा घडी करून हातात. म्हणाले, "नामदेव, सगळ्यायचे बरोबर होतीन तेव्हाच हा घालीन. तोवर मी बी असाच."

 नोकरी जावो, मशीन जावो, मावशींची यादी येवो. बाबांनी स्टुलावर चढून दिलेला शब्द माझ्यामुळं खाली पडला होता.

तेवढ्यात साहेब आले, घड्याळ पाहत. "पाहुणे निघालेत तिकडून. हे काय चाललंय? सुमन, मी दसऱ्यापर्यंत म्हणालो होतो. दसरा उद्या आहे." आणि निघून गेले.

आता देव नाही आमच्याकडे, नाहीतर मी नवस बोलले असते. पण झालं काय, पुंडलिकभाऊंनी ती पँट रागानं भिरकावून दिली होती, ती पडली वसंतापाशी. वसंताची स्वतःची खाली सरकून राहिली होती, आणि बायाबापड्या येण्याच्या बेतात. त्यानं घाईघाईत ती उचलली, आडोशाला गेला, आणि बाहेर आला तर काय. जशी त्याच्यासाठीच शिवलेली.

मी पाहतच राहिले. एकशे तेराची पँट एकशे चौदाला. मी वसंताची मोठी पँट घेतली आणि एकशे पंधराच्या हातात कोंबली. "घाला." त्याला बसली. त्याची सोळाला. बसली.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. प्रत्येकाच्या अंगावर त्याच्या पुढच्या नंबराचे कपडे होते. म्हणजे मशीनने कोणाचं माप बिघडवलं नव्हतं, सगळ्यांची मापं एकेक घर सरकली होती. आणि ती सरकतात कधी? मधल्या एखाद्याचं मापच नसेल तेव्हा. त्याची जागा भरायला मागचा पुढे येतो, मग त्याच्यामागचा, आणि शेवटी तिवारीजी उघडे राहतात.

माझा जीव भांड्यात पडला, आणि जीव भांड्यात पडला की माणसाला काय होतं ठाऊक आहे? जोर येतो. मीच चढले त्या स्टुलावर.

"ऐकून घ्या सगळे. तुमच्यापैकी एका माणसानं मापच दिलं नाही. एकानं. बाकी सगळे रांगेत उभे राहिले, तापातला माणूस येऊन गेला, अन् हा शहाणा आलाच नाही. त्याच्या एकट्यामुळं एवढ्या लोकांची शोभा झाली. माझ्या बाबांना ऐकून घ्यावं लागलं. मले ऐकून घ्यावं लागलं. कोण आहे तो? समोर ये म्हणावं."

 नामदेवभाऊ बाजूला ठेवलेली ती एकच पुडी उचलून म्हणाले, "ही एकशे बारा. हिले कोणी घ्यालेच नाई आलं."

"हाच तो," मी म्हटलं. "एकशे बारा. कामचुकार माणूस. सकाळीही आला नाही, मापालाही आला नाही. असल्या माणसाला बिल्ला देतं कोण?"

 जो तो माझ्याकडे पाहून राहिला. माझ्या तोंडाकडे नाही, जरा खाली. खांद्याकडे.

बाबा स्टुलाशी आले आणि हळूच म्हणाले, "सुमे, बिल्ला पाह्य बरं तुह्या पदराचा."

मी पाहिला. वरून वाचायचा तर उलटा दिसतो, पण एक आणि एक आणि दोन उलटे असले तरी कळतात.

आता तुम्ही म्हणाल, स्वतःचा नंबर माहीत नव्हता? अहो, ज्याला रांगेत उभं राहावं लागतं त्याला नंबर लक्षात राहतो. मला ट्रेमधून चहा येत होता. मोठ्या फाइलीत स्वतःचं नाव मीच हौसेने टाकलं होतं, नियमाने मलाही खाकी कोट मिळायचा होता. आणि मापाच्या दिवशी मी मापं लिहीत बसले होते. माझं कोण लिहिणार?

आधी हसले पुंडलिकभाऊ. तो माणूस हसला की पत्रा वाजल्यासारखा आवाज यायचा. मग वसंता, मग अख्खं अंगण. मी स्टुलावरच बसून घेतलं.

नामदेवभाऊ मात्र नाही हसले. त्यांनी एकशे बाराची पुडी माझ्या मांडीवर ठेवली. "बाई, रडू नोको. हे तं हातानं बी होईन. पुंडलिकले दे, पुंडलिक वसंताले देईन." आणि वळून ओरडले, "तिवारीजी, लाइन लावा."

तिवारीजी त्याचीच वाट पाहत होते. फौजेतला आवाज निघाला. "नंबर से खड़े हो जाओ." चुकीचे कपडे काढून ज्यानं त्यानं पुन्हा पुडीत गुंडाळले, आणि क्षणात रांग. रांग लावायला आमच्या लोकांना शिकवावं लागत नाही. सगळ्यात पुढं मी, हातात पुडी. पुंडलिकभाऊंचा तो शर्ट, मी उलगडून पाहिला, चादरीएवढा होता. मी त्यांना पुडी दिली, त्यांनी आपली मागं दिली, त्यानं त्याच्या मागं. नुसते हात हलत होते आणि पुड्या मागं सरकत होत्या, पार गेटपर्यंत. सगळ्यात शेवटी तिवारीजींच्या रिकाम्या हातात पुडी पडली. "आ गया, बिटिया," त्यांनी तिकडून सांगितलं.

साहेब पाहुण्यांना घेऊन आले ते नेमके ह्याच वेळी. थबकले. "नामदेव, हे काय करताय?"

मी डोळे मिटून घेतले. नामदेवभाऊ म्हणाले, "काही नाई साहेब. कॉम्प्युटर चालून राहिला."

पूजेला सगळे उभे राहिले तेव्हा एकाही माणसाच्या कमरेला सुतळी नव्हती. बाबांनी नवा ड्रेस घातला आणि पुन्हा दोनदा हात वर करून पाहिले. पुंडलिकभाऊंची बायको त्यांना ओळखायलाच तयार नव्हती. अख्ख्या कारखान्यात नवे कपडे नसलेली मी एकटी.

दुसऱ्या दिवशी दीक्षाभूमीवर गेलो. पांढरी साडी नेसून बाबांबरोबर एवढ्या गर्दीत चालले होते, म्हटलं इथं आपल्याला कोण ओळखतं. तर कुठून तरी आवाज आला, "एकशे बारा, जयभीम." बाबांनी माझ्याही आधी हात जोडले.

नोकरी राहिली, मशीनही राहिलं. मी तो प्रोग्राम पुन्हा लिहिला. आता मशीन कितीही घुरघुरो, नंबर घ्यायचा, तोच नंबर शोधायचा, सापडला तरच माप टाकायचं. साहेबांना अभिमानाने समजावून सांगितलं. कामगारांनाही सांगितलं, की आता कोणी आगेमागे झालं तरी काही बिघडत नाही.

पुढच्या वर्षी युसूफमास्तर आले. मी आपली टेबलाशी जाऊन बसायला निघाले, तर खुर्चीत आधीच नामदेवभाऊ, हातात पेन. मास्तर टेप घेऊन उभे, रांग लागलेली, पण एक नंबरवाला जागचा हलेना.

"काय झालं?" मी विचारलं.

"पहिले बाईचं माप," पुंडलिकभाऊ मागून म्हणाले. "मंग आमचं."

मी म्हटलं, "असं कसं? माझा नंबर एकशे बारा. मी आधी दिलं तर सगळा क्रम बिघडेल."

नामदेवभाऊंनी मान वर केली. "बिघडू दे न वं. आता तं तुह्यं मशीन नंबर पाहून घेते ना?"

 मी मास्तरांसमोर जाऊन उभी राहिले. त्यांनी खांद्याला टेप लावला, आणि नामदेवभाऊंनी पहिल्या ओळीवर लिहिता लिहिता पुकारा केला, "एकशे बारा." मी तोंड उघडायच्या आत अख्ख्या रांगेनं माझ्यातर्फे सांगून टाकलं, "हजर."